कधीमधी म्हणजे किती वेळा

"ती 'कधीमधी' म्हणाली की ऐकायचं नाही, बेथ. आत जाऊन बघायचं."

पॉलीननं मला हे मागच्या अंगणाच्या भिंतीवरून सांगितलं, तेव्हा माझी तान्ही मेबल माझ्या खांद्यावर होती आणि तिनं नुकतंच ओकलेलं दूध माझ्या पाठीवरून ओघळत होतं. पॉलीन म्हणजे शेजारच्या डोरीनबाईंकडे सकाळ-संध्याकाळ येणारी मदतनीस. चार वर्षं ती यायची. सकाळी अंघोळ, कपडे, गोळ्या, टोस्ट. संध्याकाळी पुन्हा कपडे, पुन्हा गोळ्या. आता तिचे स्वतःचेच गुडघे गेले होते, म्हणून तिनं काम सोडलं. तो तिचा शेवटचा दिवस होता.

"बघेन की," मी म्हटलं.

"बघेन की नको. नीट ऐक. पडलात का विचारलंस तर म्हणेल कधीमधी. म्हणजे समजायचं, काल पडलीय."

मी हसले. मला वाटलं, हिचा जीव जडलाय, सोडवत नाहीये, म्हणून बाई वाढवून सांगतेय. शिवाय मी शिकलेली. तीन वर्षं समाजशास्त्र केलेलं. माणसांना प्रश्न कसे विचारावेत यावर मी चाळीस पानं लिहिली होती आणि त्यांना पहिला वर्ग मिळाला होता. मला पॉलीन काय शिकवणार?

ती चाळीस पानं अजून पोटमाळ्यावर एका खोक्यात आहेत. परवा वर गेले होते तेव्हा त्या खोक्याला लाथ घातली.

आमच्या या किनाऱ्यावर 'नेहमी' म्हणणं म्हणजे गाऱ्हाणं मांडणं, आणि गाऱ्हाणी मांडणारं माणूस इथे कुणाला आवडत नाही. 'कधीच नाही' म्हणावं तर ते धडधडीत खोटं, आणि खोटं बोलायची लाज वाटते. मग उरतो हा एक शब्द. छप्पर गळतं का? कधीमधी. छातीत दुखतं का? कधीमधी. नवरा हात उगारतो का? असं विचारल्यावरही 'कधीमधी' म्हणणारी बाई मी इथल्या पावाच्या दुकानात पाहिलीय, डोळ्याखालचं काळंनिळं पावडरीनं झाकलेली. दुकानदारीणबाईंनी "हं" म्हटलं आणि तिला सुटे पैसे दिले. मीही रांगेतच होते. मीही "हं" म्हटल्यासारखंच तोंड केलं असणार.

डोरीन बिब्बी त्र्याऐंशी वर्षांच्या. धक्क्यावर एकतीस वर्षं मासे चिरायचं काम केलेल्या. बोटी बंद झाल्या, शेड पाडल्या, नवरा लेन गेला, मूलबाळ नव्हतं. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक विटेची भिंत आहे. तिच्यातून त्यांचा रेडिओ मला ऐकू येतो. माझं त्यांना काय ऐकू जातं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. क्रेग, म्हणजे माझा नवरा, समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम करतो. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. तो नसतो तेव्हा मी आणि आठ महिन्यांची मेबल, एवढंच घर.

पॉलीन गेल्यावर वेगवेगळ्या मुली येऊ लागल्या, पण येत होत्या. दिवसाला दोनदा. मग ऑफिसचं पत्र आलं की वर्षाची पाहणी आहे, गुरुवारी एक बाई घरी येऊन प्रश्न विचारतील आणि मदत किती द्यायची ते ठरवतील.

बुधवारी दुपारी डोरीनबाईंनी भिंतीवर काठी आपटली. मी मागच्या दारानं गेले. त्या वॉकरला धरून उभ्या, आणि पुढ्यात त्यांची ती खुर्ची. कमोडची. वर टॉवेल टाकलेला.

"पोरी, ही जरा तुझ्याकडे ठेवून घे. उद्या दुपारपर्यंत."

"ही? अहो, ही तर तुम्हाला लागते."

"कधीमधी."

"काल रात्री लागली ना?"

"कालचं सोड. घरात परकं माणूस येणार आणि ही खोलीत मधोमध? सगळा वास करून?" त्यांनी टॉवेल नीट केला. "वॉकरपण ने. काठी पुरे मला."

"डोरीनबाई, त्या हेच बघायला येणार आहेत."

"बघायला येणार आहेत म्हणून तर. माझ्या आईनं घड्याळ दिलं होतं असंच भिंतीवरून. वडलांचं काम गेलेलं, मी जन्मायच्या आधीची गोष्ट. ऑफिसचा माणूस घरात येऊन एकेक वस्तू बघायचा. घड्याळ दिसलं की म्हणायचा, आधी ते विका, मग मदत मागा. म्हणून तो यायच्या दिवशी घड्याळ शेजारच्या मिसेस कॉर्लेसकडे. अर्ध्या गल्लीचं सामान दुसऱ्या अर्ध्या गल्लीत असायचं त्या दिवशी." त्या हसल्या. "मिसेस कॉर्लेस आईला म्हणायची, एथल, तुझ्या घड्याळानं आमचं घड्याळ लाजतं."

"पण त्यांनी चांगली वस्तू लपवली. मदत मिळावी म्हणून. तुम्ही उलटं करताय."

"अक्कल नको शिकवूस. ते टोक धर."

आणि मी ते टोक धरलं. खुर्ची आमच्या अंगणातल्या कोळशाच्या जुन्या खोलीत ठेवली. वॉकर बाबागाडीशेजारी. मला ते गमतीचं वाटलं, हे मी लपवत नाही. संध्याकाळी क्रेगला फोनवर सांगून आम्ही दोघं हसलो.

गुरुवारी दहाला ऑफिसच्या बाई आल्या. हेदर त्यांचं नाव. चाळिशीच्या, गळ्यात ओळखपत्र, चेहरा दमलेला, मांडीवर लॅपटॉप. मला डोरीनबाईंनी "बाळाला घेऊन सहज आल्यासारखी" बसवून ठेवलं होतं. स्वतः निळा पोशाख, त्यावर ब्रोच, ओठांना लाली. केस कालच गुंडाळून ठेवलेले असणार. सकाळच्या मदतनीस मुलीला 'आज येऊ नको' सांगून ते कपडे अंगावर चढवायला त्या साडेचारला उठल्या होत्या, हे मला नंतर कळलं. सोनेरी काठाचे कप बाहेर काढलेले. ट्रे मी उचलून आणला, पण चहा त्यांनीच ओतला, दोन्ही हातांनी किटली धरून. एक थेंब सांडला नाही. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, शाब्बास. शाब्बास म्हणत होते मी!

हेदर वाचत गेल्या. प्रत्येक प्रश्नाला उत्तरं चारच: कधीच नाही, कधीमधी, बहुतेक वेळा, नेहमी.

"मिसेस बिब्बी, अंघोळीला मदत लागते?"

"कधीमधी."

"कपडे घालायला?"

"बटणं असली तर. कधीमधी."

"रात्री उठावं लागतं? तेव्हा कुणी लागतं?"

"कधीमधी. त्या वयात आलेच ना मी." हसू. "बिस्कीट घ्या. आल्याचं आहे."

हेदर यांनी बिस्कीट घेतलं. "पडता का?"

"कधीमधी तोल जातो. कुणाचा जात नाही?"

टक, टक, टक. प्रत्येक प्रश्नाला एक टिचकी, सगळ्या एकाच रांगेत, एकाखाली एक. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही शेजारी ना? तुम्हाला काय वाटतं?"

खोलीत मिसेस बिब्बी होत्या, ब्रोच होता, सोनेरी काठाचे कप होते. डोरीनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मला वाटलं, आत्ता मी काही बोलले तर या बाईला मी भर बैठकीत उघडी करेन.

"हो," मी म्हटलं. "कधीमधी."

वीस दिवसांनी पत्र आलं. आपल्या प्रकृतीत सुधारणा झालेली पाहून आनंद झाला. आता आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी, मदतनीस येईल. आठवड्याच्या चौदा फेऱ्यांच्या दोन झाल्या. डोरीनबाईंनी ते पत्र शेकोटीवरच्या फळीवर उभं करून ठेवलं, लोक लग्नाचं आमंत्रण ठेवतात तसं.

"सुधारलेय म्हणे मी," त्या म्हणाल्या. पण त्यांचा हात काठीवर थरथरत होता, आणि ते मी पाहिलं होतं. मला सगळं दिसतं. मेबलच्या अंगावर एक पुटकुळी उठली तर, काही गंभीर नाही ना म्हणून, मी तीन वेळा त्यावर काचेचा पेला दाबून बघते. आणि तो हात बघून मी म्हटलं काय? "वा, छान."

पत्र आल्यानंतर तिसऱ्या आठवड्यातला बुधवार. साडेअकराला मी पाव द्यायला गेले. पुढचं दार वाजवलं. उघडलं नाही, तेव्हा वाकून पत्रांच्या फटीतून हाक मारली.

"डोरीनबाई? पाव आणलाय."

"ठेव पायरीवर, पोरी." आवाज स्वच्छ, रोजच्यासारखा. "मी बसलेय जरा."

"बरं आहे ना?"

"हो गं. पाय रुसतात कधीमधी. तू जा, बाळ गारठेल."

आणि मी गेले. पाव पायरीवर ठेवला, बाबागाडी वळवली आणि गेले.

एक वाजता मेबल झोपली. घर शांत झालं, आणि मग माझ्या लक्षात आलं की फारच शांत आहे. एकच्या बातम्या नाहीत. त्या भिंतीतून एकच्या बातम्या आल्या नाहीत असा दिवस मी या घरात पाहिलेला नाही. मी मेबलला झोपेतच उचललं, मागून गेले, स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावले. टेबलाखालून दोन पाय दिसले. एकात सपात, दुसरा उघडा.

मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. पाच तास ते नुसतं लोटलेलंच होतं.

त्या पावणेआठला पडल्या होत्या, चहाची किटली भरताना. सगळं पाणी अंगाखाली. खांदा नको तिकडे वळलेला. मी फटीतून हाक मारली तेव्हा त्यांना जमिनीवर पावणेचार तास झाले होते, आणि त्यांनी आवाज नीट लावून मला उत्तर दिलं होतं. पाव पायरीवर ठेवायला सांगितलं होतं. माझं बाळ गारठू नये म्हणून.

मी फटीला कान लावला होता. डोळा लावला असता तर?

"आलीस का," त्या म्हणाल्या. ओठ करडे पडले होते. "चहा टाक तुला. दूध आहे."

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. मेबल जागी झाली आणि तीही ओरडायला लागली. मग मी अँब्युलन्सला फोन लावला. ते म्हणाले दोन तास तरी लागतील, हलवू नका, ऊब द्या. मी घरातली सगळी पांघरुणं आणून त्यांच्यावर टाकली आणि मेबलला शेजारी गालिच्यावर ठेवलं. ती पालथी झाली आणि त्यांच्या चांगल्या हाताचं बोट धरून चोखत बसली.

त्यांची भाची दक्षिणेत असते. तिचा नंबर शोधायला मी फ्रिजशेजारच्या कॅलेंडरपाशी गेले. समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणारे लाइफबोटवाले दरवर्षी देतात ते, बोटींच्या चित्रांचं. नंबर वरच्या कोपऱ्यात होता. खाली, महिन्याच्या समासात, पेन्सिलीच्या रेघा होत्या. चार उभ्या, त्यांवर एक तिरकी. पुन्हा चार, पुन्हा तिरकी. मग एक सुटी. माशांची खोकी मोजायचे तशा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

मी रेघा मोजल्या.

"डोरीनबाई, हे अकरा काय आहे?"

"पडले त्याचं," त्या म्हणाल्या. "आजचं घातलं नाही अजून. पेन्सिल वर आहे."

त्या दिवशी तारीख तेवीस होती.

तेवीस दिवसांत अकरा, आणि आजचं धरून बारा. मी मागची पानं उलटली. पॉलीन होती त्या महिन्यांत तीन, दोन, तीन. पाहणीच्या महिन्यात सात. म्हणजे हेदरबाईंना आल्याचं बिस्कीट देताना त्यांना आकडा पाठ होता.

इस्पितळात खांदा बसवला. पाण्यात पडून राहिल्यानं छातीत कफ झाला, म्हणून ठेवून घेतलं. पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा एक तरुण डॉक्टर फळीवरचा कागद भरत होता. "याआधी पडणं व्हायचं का, मिसेस बिब्बी?"

"कधीमधी," डोरीनबाई म्हणाल्या.

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं.

"अकरा!" मी म्हटलं. सगळा वॉर्ड वळला. "अकरा वेळा, तेवीस दिवसांत, यांनी स्वतः मोजलंय! लिहा. आणि यांनी हा शब्द पुन्हा काढला तर पेन खाली ठेवा!"

डॉक्टर बिचारा लाल झाला, "मी नंतर येतो," म्हणाला आणि गेला.

"लाज नाही वाटत?" डोरीनबाई म्हणाल्या. हळू, पण दातांतून. "चारचौघांत?"

"तुम्हाला वाटली पाहिजे लाज. रेघा मारत बसलात. कुणासाठी?"

"माझ्यासाठी. मला माहीत नको?"

"आणि त्यांना नको? मला नको? मी दारात उभी होते! तुम्ही मला घालवलंत!"

"तू गेलीस."

त्यांनी पुढे चालू ठेवलं, आणि आता त्यांचाही आवाज चढला होता. "मोठी आली खरं बोलणारी. ती बाळाची नर्स आली होती तुझ्याकडे, तिनंही फॉर्म भरून घेतला. रडू येतं का, विचारलं तिनं. तू काय सांगितलंस गं? भिंत पातळ आहे, पोरी. दुपारी दोन ते चार. रोज."

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं नजर मासिकात घातली.

मी काय सांगितलं होतं, ते मला माहीत होतं. त्यांनाही. चार रकाने होते, आणि मी दुसऱ्यात खूण केली होती. नर्स म्हणाली होती, छान, सगळ्यांनाच होतं तसं.

"मग तुम्ही का नाही आलात?" मी विचारलं. "ऐकू येत होतं तर?"

"खुर्ची ठेवायला तुलाच का बोलावलं मी? पलीकडे कीथ आहे, तो तगडा आहे. म्हटलं, त्या निमित्तानं पोरगी चार शब्द बोलेल." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "आपण दोघीही शहाण्या."

मी खुर्ची ओढून बसले. त्या भिंतीशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "खरं सांगितलं तर घरी सोडणार नाहीत. मिसेस कॉर्लेसच्या मुलीनं खरं सांगितलं. तिला टाकलं त्या वृद्धाश्रमात. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. आठ महिन्यांत गेली. कधीमधी म्हटलं की कुणी काही नेत नाही आपलं."

"त्यांनी तुमच्या बारा फेऱ्या नेल्या."

त्यांनी चांगल्या हातानं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

शुक्रवारी बैठक ठरली होती. घरी मदतीसह, घरी मदतीशिवाय, की वृद्धाश्रम, हे त्या बैठकीत ठरणार होतं. वॉर्डाच्या टोकाला एक छोटी खोली, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि पुन्हा हेदरबाई. तोच लॅपटॉप. माझ्या पिशवीत कॅलेंडर होतं. मेबल मांडीवर.

"तर मिसेस बिब्बी, आपण पुन्हा त्याच प्रश्नांवरून जाऊ या," हेदर म्हणाल्या. "अंघोळीला—"

"थांबा," मी म्हटलं. "मला आधी एक विचारायचंय. तुम्ही कुठल्या?"

"मी? इथलीच. धक्क्याच्या पलीकडची."

"मग इथलं माणूस कधीमधी म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, तुम्हाला माहीत नाही?"

त्यांनी लॅपटॉपवरून हात काढला. मला वाटलं, आता नियम सांगतील. मी त्यासाठी कंबर कसून बसले होते.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माहीत होतं. गालिच्यावर वॉकरच्या पायांचे ठसे होते. माझी आईपण असंच बोलते. पण मी माझ्या मनानं 'नेहमी' लिहिलं तर फॉर्म वरून परत येतो. तिथे त्या व्यक्तीचं उत्तर लागतं, माझा अंदाज नाही. माझ्याकडे दोनशे दहा नावं आहेत." त्यांनी डोळे चोळले. "मी तुम्हालाही विचारलं होतं."

तो टोला माझ्यासाठी होता. तो मी गिळला. पण राग खाली जाईना. या बाईंना ठसे दिसले. मला किटली धरलेले दोन हात दिसले. आम्ही दोघी त्या खोलीत बसून चहा पीत होतो आणि आम्हा दोघींना दिसत होतं!

मी तोंड उघडणार, एवढ्यात डोरीनबाई बोलल्या.

"म्हणजे तुला कळलं होतं?"

"हो, मिसेस बिब्बी."

"माझ्या खुर्चीत बसून, माझा चहा पीत?"

"हो."

"बिस्किटंपण खाल्लीस."

"दोन," हेदर म्हणाल्या.

डोरीनबाईंच्या चेहऱ्यावर असा राग मी कधी पाहिला नव्हता. त्या साडेचारला उठल्या होत्या. दोन तास कपड्यांशी झगडल्या होत्या. किटली दोन्ही हातांनी धरली होती. आणि ते नाटक कुणालाच खरं वाटलं नव्हतं. सगळ्यांनी फक्त ते खरं मानायचं कबूल केलं होतं, कारण त्यात प्रत्येकाची सोय होती.

"लिही," त्या म्हणाल्या. "अंघोळ: मला जमत नाही. टबच्या काठावरून पाय जात नाही. नेहमी. बटणं: गेल्या नाताळपासून एकही लावलेलं नाही. त्या दिवशीचा निळा पोशाख मागून उघडा होता, म्हणून मी उठले नाही निरोप द्यायला. रात्री: तीनदा. नेहमी. ती खुर्ची हिच्या कोळशाच्या खोलीत होती, तेही लिही. पडणं..." त्यांनी माझ्याकडे हात केला. मी कॅलेंडर काढून दिलं. त्यांनी ते हेदरसमोर ठेवलं आणि त्या रेघांवर बोट ठेवलं. "मोज. तुला मोजता येतं ना?"

हेदर मोजत होत्या. ओठ हलत होते.

"आणि आता मला विचार, घर सोडून जायची तयारी आहे का?"

"तसा प्रश्न नाहीये यात."

"मग घाल. आणि पुढे लिही, कधीच नाही. हाही शब्द आहे ना तुझ्या त्या चारांत? तिथे कर तुझं टकटक."

मेबलनं टेबलावर हात आपटला. हेदर टाइप करू लागल्या, आणि या वेळी खूप वेळ टाइप करत होत्या.

डोरीनबाई पुढच्या बुधवारी घरी आल्या. सध्या दिवसाला चार फेऱ्या मिळाल्यात. सहा आठवड्यांसाठी. मग पुन्हा पाहणी. तिचा फॉर्म आधीच आलाय. मी उघडून बघितला. तेच प्रश्न, तेच चार रकाने. मी ऑफिसला पत्र लिहिलं की 'किती वेळा' विचारायची एक ओळ घाला, आकड्याची, बस. उत्तर आलं की सूचनेची नोंद घेतली आहे. मी दुसरं लिहिलं. आता तिसरं लिहितेय, आणि तेही सभ्य नाही. मी बाळाच्या नर्सलाही फोन केला. तिला सांगितलं, दुपारी दोन ते चार, रोज. ती दुसऱ्या दिवशी आली. या वेळी लॅपटॉप न उघडता बसली.

राग गेलेला नाही. तो जाऊही नये असं मला वाटतं. पण एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही, तो डोरीनबाईंचा नाही. दोनशे दहा. एका बाईच्या यादीत दोनशे दहा माणसं, आणि अशा किती याद्या! त्यांतलं एखादं दार तुमच्याही रोजच्या वाटेवर असेल. तुम्ही त्यांना ओळखता. हात हलवता. कसं काय विचारता, उत्तर मिळतं, आणि तुम्ही पुढे जाता.

हे वाचून झालं की त्यांच्याकडे जा. फोन करू नका, फोनवर सगळे बरेच असतात. दार वाजवा. आतून आवाज आला तरी परत फिरू नका. उघडेपर्यंत उभे राहा. उघडलं नाही तर मागून जा, खिडकीतून आत बघा. ते चिडतील, चिडू देत. उद्यावर टाकू नका. आत्ता उठा, आणि त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.